जलरंगातील प्रयोग प्रदर्शनात लावावेत का?

ओलीकड

नमस्कार. गेली सहा वर्षे मी नोकरी सांभाळून जलरंगात चित्रे काढते आहे. रीतसर शिक्षण झालेले नाही. जे काही आले ते कागद वाया घालवूनच आले. आमच्या हौशी चित्रकारांच्या गटाला दोन महिन्यांनी ग्रंथालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवण्याची संधी मिळाली आहे आणि माझ्या वाट्याला बारा चित्रांची जागा आली आहे.

माझी चित्रे सरळसरळ दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात निसर्गचित्रे येतात. त्यांत एक पातळ थर पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच त्यावर दुसरा द्यायचा, अशा संथ पद्धतीने मी काम केले आहे. दुसऱ्या प्रकारातली चित्रे गेल्या दीड वर्षातली आहेत: ओल्या रंगावर मीठ टाकणे, चुरगळलेले प्लास्टिक दाबून ठेवणे, ओला कागद उभा धरून रंग वाहू देणे, असे प्रयोग मी त्यांत केले आहेत.

प्रश्न एका चित्रामुळे पडला. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्धवट वाळलेला असताना माझ्याकडून चुकून पाण्याने भरलेला कुंचला त्यावर टेकला आणि दातेरी कडांचा एक मोठा फिकट डाग पसरला. त्या दिवशी मी तो कागद बाजूला ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर तो डाग कोसळण्याच्या बेतात असलेल्या ढगासारखा दिसत होता. मी खाली फक्त गडद झाडांची एक ओळ काढली आणि थांबले. घरी येणारा प्रत्येक जण त्याच चित्रापाशी थांबतो. आमच्या गटातले एक ज्येष्ठ सदस्य मात्र म्हणाले, "हे चित्र तुम्ही काढलेले नाही, पाण्याने काढले आहे." मला त्यांचा राग आला नाही, पण उत्तरही सुचले नाही.

तेव्हा अशी चित्रे लावावीत का, आणि लावली तर निसर्गचित्रांच्या शेजारी लावावीत का, याबद्दल आपले अनुभव वाचायला आवडतील.

कोरडाकुंचला

माझे मत स्पष्ट आहे: लावू नयेत, निदान सगळी तरी नाहीत. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. एखादा परिणाम मला ठरवून तीनदा साधता आला, तर तो माझ्या हातात आला असे मी मानतो आणि मगच तो प्रदर्शनात जाणाऱ्या चित्रात वापरतो. एकदाच घडलेली गोष्ट वहीत ठेवावी, तारीख घालावी, कागद आणि रंग कोणते होते ते लिहावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. मिठाची चांदणी कोणाच्याही कागदावर उमटते. तिच्यासाठी आभाळ कसे रचले, हे पाहायला प्रेक्षक येतो.

निळसर

कोरडाकुंचला यांचा आदर राखून मी पूर्ण विरुद्ध मत मांडते. जलरंगाचा इतिहास अपघाताला सोबत घेऊनच पुढे आला आहे. अठराव्या शतकात अलेक्झांडर कोझेन्स हे इंग्रज चित्रकार कागदावर शाईचे मोकळे डाग पाडून त्यांतून निसर्गचित्राची रचना शोधायला शिकवत असत. डाग पूर्ण योजून पाडायचा नाही आणि पूर्ण आंधळेपणानेही पाडायचा नाही, अशी ती पद्धत होती.

टर्नर या इंग्रज चित्रकारांचीही एक आठवण सांगितली जाते. १८१८ साली फार्नली येथे वॉल्टर फॉक्स यांच्या घरी मुक्कामाला असताना त्यांनी एका सकाळी युद्धनौकेचे चित्र केले. फॉक्स यांचा मुलगा शेजारी बसून पाहत होता. टर्नर यांनी कागद चिंब होईपर्यंत ओला रंग ओतला, मग तो खरवडला, घासला, नखाने ओरखडला. सुरुवातीला सगळा गोंधळच दिसत होता आणि हळूहळू त्यातून जहाज वर आले. ते चित्र पाण्याने काढले, असे कोणी म्हणेल का?

तुमच्या चित्रातही डागानंतरचा निर्णय तुमचाच आहे. झाडांची एकच ओळ काढून थांबणे हे पाण्याला सुचलेले नाही. मी तर ते चित्र मधोमध लावीन.

कोरडाकुंचला

निळसर, टर्नर यांचे उदाहरण माझ्या बाजूनेच बोलते असे मला वाटते. १८१८ साली ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि लहानपणापासून जलरंगात काम करत होते. नख कुठे फिरवले की किती पांढरे निघेल, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते, म्हणून पाहणाऱ्याला जो गोंधळ दिसत होता तो करणाऱ्यासाठी गोंधळ नव्हता. घडू देणे आणि घडवणे यांत जे अंतर आहे, ते वर्षानुवर्षांच्या सरावाने कमी होते. मी ते अंतर कापण्याबद्दल बोलतो आहे.

झाडांच्या ओळीबद्दल मात्र तुमचे म्हणणे मान्य आहे. ओलीकड यांनी तिथे थांबण्यात समज दाखवली आहे.

पहिलापाट

मीठ टाकता तेव्हा कागदावर चकाकी असते की गेलेली असते? माझे मीठ एक तर विरघळून जाते किंवा नुसतेच पडून राहते.

कागदवेडा

पहिलापाट यांचा प्रश्न लहान वाटला, तरी या धाग्याचा अर्धा भाग त्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कागदावर पाण्याचे तळे दिसत असेल, तर मीठ विरघळते आणि रंग नुसता मळतो. चकाकी पूर्ण गेली असेल, तर मिठाच्या कणाला ओढायला पाणीच उरलेले नसते. मधली जी अवस्था आहे, म्हणजे पृष्ठभाग ओला आहे पण त्यावरची चकाकी मंदावू लागली आहे, ती पकडावी लागते. ती कधी अर्धा मिनिट टिकते, कधी तीन मिनिटे. हवा, कागदाची जाडी आणि वॉशमध्ये घेतलेले पाणी यांवर ते ठरते. जाडे मीठ मोठी आणि विरळ फुले देते, बारीक मीठ दाट ठिपके देते. कागद आपोआप वाळू द्यावा. केस वाळवण्याच्या यंत्राची घाई केली, तर परिणाम अर्धवट राहतो.

ओलीकड यांच्या आभाळात जे घडले, त्याला बहुतेक जण बॅकरन म्हणतात. वाळत आलेल्या वॉशवर त्याहून जास्त ओला थेंब पडला, की पाणी कमी ओल्या भागाकडे पसरते आणि जाताना सुट्टे रंगकण ढकलत नेते. ते कण कडेला साचतात, म्हणून आतला भाग फिकट आणि कड गडद दिसते. यात नशिबाचा भाग समजतो तेवढा मोठा नाही. शेजारच्या दोन भागांतल्या ओलेपणाचा फरक हे त्याचे कारण आहे, आणि फरक डोळ्यांना दिसतो.

रंगाचाही वाटा असतो. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि कागदाच्या खळग्यांत बसतात, म्हणून त्याचा वॉश दाणेदार दिसतो. ते कण पाण्याने हलवताही येतात. थॅलो निळ्याचे कण फार बारीक असतात आणि ते कागदाच्या तंतूंना धरून बसतात. तोच प्रयोग दोन्ही निळ्यांवर करून पाहा, दोन वेगळी आभाळे मिळतील.

एक सावधगिरी सांगतो. मीठ हवेतला ओलावा ओढते. चित्र पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कण हळुवारपणे झाडून काढला, तरी विरघळून आत गेलेले मीठ कागदात राहतेच. चित्र विकणार असाल किंवा ते अनेक वर्षे टिकावे अशी इच्छा असेल, तर मिठाऐवजी स्वच्छ पाण्याचे शिंतोडे उडवून तसाच परिणाम साधता येतो का, ते आधी पाहावे. मी स्वतः गेली काही वर्षे तेच करतो.

ओलीकड

कागदवेडा यांचे मनापासून आभार. "ओलेपणाचा फरक डोळ्यांना दिसतो" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

कोरडाकुंचला, तुमची कसोटी मनाला लागली, म्हणून गेल्या शनिवारी आणि रविवारी तोच डाग पुन्हा पाडण्याचा प्रयत्न केला. कागद तोच घेतला, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण सुती आणि मध्यम खरखरीत पोताचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग यांचे मिश्रणही तेच होते. सात कागद केले. पहिल्या तिघांत थेंब लवकर टाकला, तो नुसता विरून गेला. चौथ्यात उशीर झाला आणि कडक वर्तुळ उमटले, ते गोंदवल्यासारखे दिसते. पाचव्यात डाग जमला, पण आभाळाच्या नको त्या जागी आला. सहावा पुन्हा विरला. सातव्यात कागद तिरका धरून, खालच्या कडेला चकाकी शिल्लक असताना वरच्या अंगाला थेंब सोडला, तेव्हा पाणी आपल्या वजनाने खाली पसरले आणि मूळ चित्राच्या अगदी जवळचा ढग मिळाला. पहिल्या चित्राच्या वेळी फळी नकळत कलली असावी, हे मला तेव्हा कळले.

निळसर

सातव्या कागदाचे वर्णन वाचून फार आनंद झाला. कृपया ते सातही कागद फेकू नका.

चौकटदार

चर्चा चित्र काढण्याभोवती चालली आहे आणि ती मी आवडीने वाचतो आहे, पण प्रदर्शन दोन महिन्यांवर आहे, म्हणून लावण्याबद्दल लिहितो. यात माझे स्वतःचे नुकसान झालेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या दालनात माझी नऊ चित्रे लागली होती. जागा सुंदर होती, एका बाजूला उंच खिडक्या होत्या. दुपारचे ऊन समोरच्या भिंतीवर थेट पडते, हे मी पाहिले नाही आणि मला कोणी सांगितलेही नाही. चित्रे दोन महिने तिथे होती. परत आणल्यावर एका संध्याकाळच्या चित्राचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला, तर माउंटखाली झाकलेली पट्टी गुलाबी होती आणि उघडा भाग करडा झाला होता. मी अलिझरीन क्रिम्झन हा गडद लाल रंग वापरला होता, ज्याच्या नळीवर पीआर ८३ असा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तो उजेडात टिकत नाही, हे जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

१८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघांनी इंग्लंडमध्ये जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो, याचा अहवाल दिला. कोणते रंग उडतात हे त्यात दाखवले होतेच, शिवाय उजेडाच्या जोडीला हवा आणि ओलावा असला की नुकसान वाढते, हेही दिसून आले. हेन्री व्हॉन या संग्राहकांनी तर त्याच्याही पुढची काळजी घेतली होती. त्यांच्याकडची टर्नर यांची जलरंगचित्रे १९०० साली डब्लिन आणि एडिंबरा इथल्या राष्ट्रीय कलादालनांना मिळाली, ती उजेड सर्वांत मंद असणाऱ्या जानेवारी महिन्यातच लावावीत या अटीवर. त्यामुळे त्या चित्रांचे रंग अजून ताजे आहेत.

संग्रहालये जलरंगचित्रांसाठी साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. थेट ऊन १,००,००० लक्सच्या आसपास जाते. रोज आठ तास दालन उघडे राहते असे धरले, तर भर उन्हातला एक तास संग्रहालयातल्या २५० दिवसांइतका उजेड चित्रावर टाकतो. हा हिशेब मी त्या गुलाबी पट्टीकडे पाहत केला होता.

म्हणून सभागृहाला दिवसातून तीन वेळा भेट द्या आणि ऊन कुठे सरकते ते पाहा. चित्राला काच टेकू देऊ नका. मधला माउंट शोभेसाठी असतो तसाच हवेच्या फटीसाठीही असतो, नाहीतर काचेवर धरलेला दमटपणा थेट रंगावर उतरतो. माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा घ्या. चित्र त्याला चिकटपट्टीने चिकटवू नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावल्या, की ते मोकळे लटकते, हवेप्रमाणे फुगू-आकसू शकते आणि पुढे कधी काढायचे झाले तर फाटत नाही.

संथपाणी

अलिझरीनच्या जागी काय वापरावे? तो रंग सोडवत नाही.

चौकटदार

क्विनाक्रिडोन गटातले रंग पाहा. नळीवर पीव्ही १९ असे लिहिलेला गुलाबी रंग पुष्कळ टिकाऊ आहे. त्यात किंचित गडद तपकिरी मिसळली, तर छटा बरीच जवळ येते. नळीवरचे आकर्षक नाव वाचू नका, रंगद्रव्याचा क्रमांक वाचा, कारण एकाच नावाखाली दोन कंपन्या दोन वेगळी द्रव्ये भरतात. घरच्या घरी परीक्षाही करता येते. एका पट्टीवर तुमचे सगळे रंग लावा, पट्टी उभी कापून अर्धी खिडकीत आणि अर्धी बंद पुस्तकात ठेवा आणि तीन महिन्यांनी शेजारी ठेवून पाहा.

पायवाट

मी चित्रे काढत नाही, पाहायला जाते. मला एका गोष्टीबद्दल लिहावेसे वाटते. काही प्रदर्शनांत चित्राखालच्या पट्टीवर "जलरंग, मीठ व प्लास्टिक" असे लिहिलेले असते. ते वाचले, की माझे डोळे चित्रात मीठ शोधू लागतात आणि चित्र बघायचे राहून जाते. नुसते "जलरंग" लिहिले आणि चित्राला नाव दिले, तर मी आधी आभाळ पाहते.

कागदवेडा

पायवाट, मला याच्या उलट वाटते. आमच्यासारख्यांना ती माहिती हवी असते, आणि विकत घेणाऱ्याला तर कागदात मीठ आहे हे कळण्याचा हक्क आहे. चित्राच्या मागच्या बाजूला सगळे लिहावे, हा मार्ग मला पटतो. तिथे कागद, रंगद्रव्यांचे क्रमांक, तारीख आणि पद्धत नोंदवली, तर चाळीस वर्षांनी एखाद्या जतन करणाऱ्यालाही उपयोग होईल.

कोरडाकुंचला

मागच्या बाजूच्या नोंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मूळ प्रश्नाकडे येतो. ओलीकड, तुम्ही सात कागद केलेत, त्यामुळे माझी हरकत निम्म्याहून अधिक गळून पडली आहे. तरीही दोन्ही प्रकार एकाआड एक लावू नका. संथ थरांचे चित्र पाहताना डोळा स्थिर होतो. त्याच्या शेजारी वाहता, फुटलेला रंग आला, तर दोन्ही चित्रांचे नुकसान होते. एका भिंतीवर एकच सूर ठेवा.

निळसर

भिंतीबद्दल सहमत आहे. उंचीबद्दल एवढे सांगते, की चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवला, की उभ्याने पाहणाऱ्याला मान उचलावी लागत नाही. लहान चित्रे खालच्या कडेने एका रेषेत न लावता मध्य जुळवून लावावीत. आणि बारा चित्रांची जागा आहे म्हणून बारा लावायलाच हवीत असे नाही.

ओलीकड

प्रदर्शन कालच संपले. इतक्या जणांनी इतके मनापासून लिहिले होते, म्हणून सविस्तर कळवते.

अखेर नऊ चित्रे लावली. सभागृहाला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन पाहिले, तेव्हा ठरवून दिलेल्या भिंतीच्या डाव्या टोकाला चार वाजता ऊन येते असे लक्षात आले. तेवढा भाग मी मोकळा सोडला. त्यामुळे तीन चित्रे कमी करावी लागली आणि कोणती कमी करायची हे ठरवताना मला माझीच चित्रे पहिल्यांदा नीट दिसली. मिठाची तिन्ही काढली. त्यांत मीठच दिसत होते, दुसरे काही नव्हते.

लांब भिंतीवर सहा निसर्गचित्रे लावली. कोपरा वळल्यानंतरच्या छोट्या भिंतीवर तीनच चित्रे होती: मूळ ढग, सातवा कागद आणि त्यानंतर पुढच्या महिन्यात त्याच पद्धतीने केलेले एक मोठे चित्र, ज्यात डाग कुठे पडेल हे मी आधी पेन्सिलीने आखून घेतले होते. पट्टीवर फक्त "जलरंग" लिहिले, बाकीचे मागे.

लोक मूळ ढगापाशीच सर्वांत जास्त थांबले, हे मला मान्य करावे लागेल. आखून केलेले चित्र बरोबर आले होते, पण त्यातल्या ढगाची कड मी फार सांभाळली होती आणि ते दिसत होते. एक शाळकरी मुलगी तिन्ही चित्रांसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मोठ्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे पाऊस पडणार नाही." मला तिचे म्हणणे पटले. मी तेव्हाच खिशातल्या वहीत लिहून घेतले.

आमच्या गटातले ते ज्येष्ठ सदस्यही आले होते. मी त्यांना सहा फसलेल्या कागदांची चळत दाखवली. त्यांनी एकेक कागद उजेडात तिरका धरून पाहिला, पाचवा बाजूला काढला आणि मी तो त्यांना देऊ शकेन का, असे विचारले.

कोरडाकुंचला

अभिनंदन. मोठ्या चित्रातल्या कडेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्यावर एक सुचवतो: जागा पेन्सिलीने आखा, पण थेंबाचा आकार आखू नका. कुंचला टेकवण्याऐवजी तो वरून झटका. मीही हे याच आठवड्यात करून पाहणार आहे.

ओलीकड

फळी किती कलती ठेवू? सातव्या वेळी मी मागे एक जाड पुस्तक लावले होते.

कोरडाकुंचला

तेवढीच ठेवा. आधी उंची मोजून वहीत लिहा आणि मग एकेक बोट कमी करत जा.